नस दबलीय

आमच्या घरात मज्जासंस्थेला देवाच्या खालोखाल मान होता. पूर्वेच्या भिंतीवर देवांची तसबीर आणि तिच्याच शेजारी, उंचीनं थोडा जास्तच, माणसाच्या मज्जासंस्थेचा तक्ता. कातडी सोलून काढलेला एक माणूस दोन्ही हात पसरून उभा, डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळ्या दोऱ्यांनी विणलेला. दिवाळीत आई तसबिरीला हार घालायची तेव्हा उरलेला तुकडा त्या माणसालाही अडकवायची. म्हणायची, "एवढा सोललाय बिचारा, एखादं फूल तरी असू द्या." अण्णांना ते आवडायचं नाही. विज्ञानाला हार घालू नये असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःला घातलेला चालायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, विज्ञानाचे शिक्षक. गाव चितेगाव, घरी थोडी शेती, आणि शिकून शहरात नोकरीला लागलेले त्या घरातले पहिलेच. त्यांनी गावाकडची बोली अंगावरच्या धुळीसारखी झटकून टाकली होती आणि पुस्तकातली मराठी बोलायचे, घरातसुद्धा. पाणी हवं असलं तरी वाक्य कर्ता-कर्म-क्रियापदासकट यायचं. दहावीच्या वर्गात त्यांचा प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा म्हणजे जलसाच असायचा. शेजारच्या वर्गातली पोरंही खिडकीला यायची. अण्णा टेबलावर काल्पनिक तवा ठेवायचे, त्याला बोट लावायचे आणि ओरडून हात मागं घ्यायचे. मग शांतपणे विचारायचे, "मी हात मागे घेण्याचा निर्णय केव्हा घेतला?" मग स्वतःच सांगायचे, "घेतलाच नाही! बोटातून निघालेला निरोप मज्जातंतूवरून मेरुरज्जूपर्यंत गेला आणि मेरुरज्जूने मेंदूला न विचारताच हाताला हुकूम सोडला. मेंदूला बातमी नंतर कळते. साहेबाला नेहमी शेवटीच कळते." इथं पोरं हसायची. पाठीमागं त्यांना 'तवा सर' म्हणायची.

त्यांचं खरं वैर 'नस' या शब्दाशी होतं. आमच्याकडं सगळ्याच गोष्टींना नस म्हणतात. रक्त वाहतं तीही नस, पोटरीत गोळा येतो तीही नस, मान अवघडली तर नस आखडली, कंबर धरली तर नसेवर नस चढली. कुणी असं बोललं की अण्णा त्याला मध्येच थांबवायचे. "नस म्हणजे काय? रक्तवाहिनी? स्नायुबंध? की मज्जातंतू? नेमके बोला. शब्द नेमका नसेल तर विचार नेमका होत नाही." एकदा पाठदुखीनं वाकलेल्या दूधवाल्याला त्यांनी अंगणात उभं करून हे ऐकवलं होतं. तो बिचारा म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाल ती आखडलीया, पण किटली तेवढी उतरून घ्या."

आम्ही मुकुंदवाडीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. तेव्हा तिथून पुढं वस्ती विरळ व्हायची आणि स्टेशनावर गाडी थांबली तर आम्हांला कोण उतरलं ते ओसरीतून दिसायचं. पण घराचा खरा आवाज गाडीचा नव्हता, भाकरीचा होता. आई काठवटीत भाकरी थापायची तेव्हा त्याला ठेका असायचा. आधी जड, सावकाश, मग भाकरी पातळ होत जाईल तसा हलका, जलद. तो ठेका ऐकून मी अंथरुणातूनच सांगू शकायची, कितवी भाकरी आहे आणि आज तिचा पारा कुठं आहे. तिच्या हाताची दुसरी ख्याती अशी, की ती तव्यावरची भाकरी, निखाऱ्यावरचं वांगं, चुलीवरचं पातेलं सगळं नुसत्या हातानं उचलायची. सांडशी खिळ्याला लटकलेली असायची, आणि तिचा उपयोग अण्णा फक्त प्रयोगासाठी परीक्षानळी धरायला करायचे. आधी आई चटका बसला की 'स्स' करायची, बोट कानाच्या पाळीला लावायची. ते 'स्स' केव्हा बंद झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या बायका कौतुक करायच्या. बोटाला फोड आला की विचारायच्या, "कवा भाजलं वो?" आई म्हणायची, "काय म्हाईत." आणि त्या एकमेकींना सांगायच्या, बाई असावी तर अशी, सोशिक.

माझ्या तळपायांना हल्ली मुंग्या येतात. साखरेचा प्रताप. जालना रोडवरच्या काचेच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर घोट्यावर थरथरता नादकाटा टेकवतो आणि विचारतो, "कळतंय का, आजी?" मी जरुरीपेक्षा मोठ्यानं "हो" म्हणते. त्याला वाटतं, आजींना ऐकायला कमी येत असावं. त्या प्रश्नाचं खोटं उत्तर दिलं की काय होतं, ते मी फार जवळून पाहिलेलं आहे.

त्या वर्षी अण्णांचं नाव आदर्श शिक्षकाच्या पुरस्कारासाठी जाणार असं ठरत होतं, आणि ते ज्यांच्या हातून जाणार होतं ते साहेब आमच्याकडं जेवायला आले. साहेब म्हणजे शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी. गोल, गोड, आणि जेवणाआधीच ढेकर देऊ शकणारे. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, वर साजूक तूप असा बेत. मी तेव्हा आठवीत होते आणि पाणी वाढायचं काम माझ्याकडं होतं. जेवणं झाली, साहेब सुपारी कातरायला बसले, आणि अण्णांनी कंपासपेटीतून कर्कटक काढलं. आमच्या घरी आलेला कुठलाही पाहुणा या प्रयोगातून सुटत नसे. डोळे मिटायचे, अण्णा कर्कटकाची कधी एक, कधी दोन टोकं अंगाला टेकवायचे आणि विचारायचे, "एक का दोन?" पाठीवर दोन टोकं लावली तरी माणूस 'एक' म्हणतो, कारण तिथं मज्जातंतूंची टोकं विरळ असतात. बोटांच्या पेरांवर ती इतकी दाट असतात, की अगदी जवळजवळची दोन टोकंही वेगळी कळतात. साहेबांच्या पाठीवर प्रयोग झाला, साहेब चुकले, सगळे हसले. चुकल्याचा एवढा आनंद झालेला अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही.

"आता बोटे," अण्णा म्हणाले. "साहेब, निसर्गात सर्वांत हुशार बोटे स्त्रियांची. अगं ए, जरा बाहेर ये!"

आतून आई म्हणाली, "पोळी तव्यावर हाय. साहेबांच्या घरच्यांसाठी बांधून द्यायची नाय का?"

"एक क्षण. विज्ञानासाठी."

आई पदराला हात पुसत आली, अण्णांच्या समोर बसली आणि डोळे मिटले. लाजत होती. अण्णांनी तिचा उजवा हात उताणा धरला. "आपण सर्वांत दुर्लक्षित बोट घेऊ. करंगळी." त्यांनी टोकं टेकवली. "एक का दोन?"

आई हसली. "लावा की मग."

अण्णांनी थोडं दाबलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या बाजूलाच उभी होते. आई डोळे मिटून तशीच बसलेली, लहान पोरगी लपाछपीत राज्य घेऊन बसते तशी. अण्णांनी अजून दाबलं.

"लावा की हो. पोळी करपंल तिकडं."

करंगळीच्या पेरावर रक्ताचा थेंब आला. गुंजेएवढा, लालभडक. साहेब सुपारीत गुंतले होते. थेंब पाहिला तो अण्णांनी आणि मी. अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. वर्गात उत्तर माहीत असलेल्या पोराचा असतो तसा नव्हता. उत्तर माहीत आहे आणि ते द्यायचं नाही, असा होता. त्यांनी कर्कटक मिटलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक! बरोब्बर!"

"वा!" साहेब म्हणाले. "वैनी पास!"

आईनं डोळे उघडले. आधी बोटाकडं पाहिलं, मग अण्णांकडं. बोट तोंडात घातलं आणि आत गेली. दारातून साहेबांना ती नुसत्या हातानं तव्यावरून पोळी काढताना दिसली असावी. ते म्हणाले, "वैनींना चटका बसत नाय का हो, सर?"

"सवय, साहेब," अण्णा म्हणाले.

"लई सोशिक. अशा बायका आता नाय राहिल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी स्वयंपाकघरात आईला उजेडात बसवलं. कापसाची वात केली आणि तिच्या हातावरून, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत राहिले. कोपराच्या खाली आतल्या बाजूला एक फिकट चट्टा होता. "हे केव्हापासूनचं?" आई म्हणाली, "लई दिसाचं हाय. शिबं हाय ते." अण्णांनी शाळेतून आणलेलं जाड पुस्तक उघडलं, उभ्याउभ्याच वाचलं, मिटलं. मग बराच वेळ तक्त्यासमोर जाऊन त्या सोललेल्या माणसाच्या कोपराकडं बघत राहिले.

"काय झालंय वो?" आईनं विचारलं.

घाबरले की अण्णांची भाषा चितेगावला परत जायची. ते म्हणाले, "कायबी नाय. नस दबलीया."

कुठली नस, ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विचारणारा माणूसच उत्तर देत होता.

त्यांची भीती खोटी नव्हती, हे या वयात मला लिहायला हवं. त्यांच्या एका चुलत्याला हाच आजार झाला होता आणि घरच्यांनी त्याला शेताच्या बांधावर खोपी घालून दिली होती. भाकरी लांब दगडावर ठेवायची आणि हाक मारून मागं फिरायचं. तो मेला तेव्हा खोपीसकट जाळला. अण्णांनी लहानपणी हे पाहिलेलं. शिवाय घरमालक होता, शेजार होता, माझं लग्न व्हायचं होतं, आणि खात्यात फाइल हलत होती. यांतलं कुठलं कारण किती वजनाचं, ते मी पुष्कळ वर्षं तोलून पाहिलं. आता तोलत नाही.

नस दबली म्हटल्यावर तिला सोडवणारा लागतो. छावणीच्या बाजारामागं एक पहिलवान बसायचा. मोडलेली हाडं, निखळलेले खांदे, चढलेल्या नसा सगळं एकाच तेलानं बसवायचा. आयुष्यभर असल्या लोकांवर व्याख्यानं दिलेले अण्णा आईला तिथं घेऊन जायचे, आणि स्वतः आत न जाता पलीकडच्या हॉटेलात वर्तमानपत्र उघडून बसायचे, विद्यार्थ्यानं पाहिलं तर काय म्हणून. आत मी आईसोबत. पहिलवान तिचा हात मांडीवर घेऊन कोपराच्या मागं अंगठा रोवायचा. "कुछ नै भाभीजी, नस पे नस चढी है. उतर जाती." जाताना म्हणायचा, "मास्टरसाब को बोलो, अंदर आके बैठो. हम काटते नै."

नस उतरली नाही. आधी कोपरापासून करंगळीपर्यंत कळा यायच्या, आईला मध्येच उभं राहून हात धरावा लागायचा. तिला तर बरं वाटलं. म्हणाली, "दुखायलंय म्हंजी जिवंत हाय." मग कळा थांबल्या आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट तळहाताकडं वळायला लागलं. हातातून वाट्या सुटायला लागल्या. भाकरीची कड चिरायला लागली. आणि तो ठेका बिघडला. दोन बोटं कामातून गेल्यावर थापेचा आवाज अर्धा होतो, लंगड्या माणसाच्या चालीसारखा. मला तो अंथरुणात ऐकू यायचा. अण्णा त्या वेळी मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायला लागले होते.

हुरड्याचे दिवस होते तेव्हा आरोग्य खात्याचे दोघं जण घरोघर विचारत आमच्या गल्लीत आले. अण्णा फाटकाशी गेले. त्यांतला एक पाठ केल्यासारखं विचारत होता, "घरात कुणाच्या अंगावर फिकट चट्टा? हातापायाला बधिरपणा? हातातून वस्तू सुटती का? चटका बसला तर कळत नाय, असं कुणाला?"

"मी विज्ञानाचा शिक्षक आहे," अण्णा म्हणाले. "कुष्ठरोगाची ही लक्षणे मीच मुलांना शिकवतो. आमच्याकडे कुणी नाही."

"मंग सर, तुमच्या घरी काय बघायचं!" तो हसला. त्यांनी दारावर खडूनं खूण केली आणि पुढं गेले.

आई काठवटीपुढं बसली होती. थाप थांबली. पिठानं भरलेला हात तिनं डोळ्यांसमोर धरला आणि नुसती बघत राहिली. चुलीवरची भाकरी काळी झाली तरी उठली नाही. अण्णा आत आले, म्हणाले, "काहीतरी जळतंय." आई म्हणाली, "व्हय."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेल्यावर ती म्हणाली, "मंदे, चप्पल घाल." माझी शाळा बुडवून आम्ही बसनं गेलो. फाटकाशी त्या दोघांचं बोलणं चाललं होतं तेव्हाच तिनं आतून ऐकून ठेवलं होतं, तपासायचं ते कुठं. डॉक्टर उतारवयाचे होते, फार बोलणारे नव्हते. त्यांनी आईचा हात कोपरात दुमडला आणि हाडाच्या मागच्या खाचेत बोट फिरवलं. मग माझं बोट तिथं ठेवलं. कातडीखाली सुतळीएवढी जाड, टणक दोरी लागली. मग माझाच कोपर दाखवला. तिथं होतं की नाही कळू नये असं काहीतरी बोटाखालून सरकलं आणि माझ्या करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या.

"हाच तो मज्जातंतू," डॉक्टर म्हणाले. "बाकी सगळ्या हातात खोल, हाडामांसात लपून जातो, इथं मात्र कातडीच्या अगदी जवळ येतो. या रोगाच्या जंतूला गारवा आवडतो, म्हणून तो इथं बसतो. तंतू सुजतो. पण तंतूभोवती आवरण असतं, ते सैल होत नाही. मग तो आपल्याच आवरणात गुदमरून मरतो."

म्हणजे नस खरोखरच दबली होती. अण्णा खोटं बोलले नव्हते. अर्ध्या खऱ्याइतकं टिकाऊ खोटं दुसरं नसतं, हे तेव्हा मला कळायला हवं होतं, पण मी आठवीत होते.

"बरा हुतो का?" आईनं विचारलं.

"रोग बरा होतो. गोळ्या पुष्कळ दिवस घ्याव्या लागतील, न चुकता. हाताचं मात्र..." त्यांनी वळलेली बोटं सरळ करून पाहिली. "तंतू सुजलेला असतानाच आलात तर वाचवता येतो. विश्रांती, औषध. तुम्ही तर त्याच्यावर मालिश करून घेतलीत. आता त्यात जाणीव परत येईल असं मला वाटत नाही, बाई. लवकर यायला पाहिजे होतं."

"किती लवकर?"

"पहिल्यांदा कळलं तेव्हाच. की इथं काही कळत नाहीये."

आईनं डाव्या हाताच्या पेरांवर महिने मोजले. मग म्हणाली, "साहेब जेवायला आले त्या दिशी." डॉक्टरांना अर्थातच काही कळलं नाही.

परतीच्या बसमध्ये मी तिला विचारलं, तुला तेव्हाच माहीत होतं का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "रगत दिसलं की मला. पर ते 'बरोबर' म्हणले. म्या म्हणलं, मास्तर हायेत, त्यांना ठावं असंल."

संध्याकाळी अण्णांनी पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या तोच तिनं सांगितलं. "महारोग हाय मला. डॉक्टर म्हणले बरा हुतो. हात बरा हुत नाय."

अण्णा पहिलं वाक्य बोलले ते हे: "हळू बोल."

डॉक्टरांनी नंतर त्यांनाही बोलावून समजावलं, की औषध सुरू झालं की कुणाला लागण व्हायची भीती नाही, काही वेगळं करायचं नाही. अण्णांनी विद्वानासारखी मान हलवली. पुस्तकातही तेच होतं, त्यांनी पान क्रमांकासकट सांगितलं. आणि येताना गुलमंडीवरून एक वेगळं ताट, एक वाटी, एक पेला घेऊन आले. आईसाठी. स्वयंपाक मात्र तीच करत होती, तिघांचाही, त्याच हातानं. तिच्या हातचं चालत होतं, तिच्या ताटातलं चालत नव्हतं. या व्यवस्थेचं शास्त्र काय, ते विचारायची आमच्या घरात सोय नव्हती, कारण शास्त्राचे अधिकारी तेच. गल्लीत आणि शाळेत ते सांगत राहिले, नस दबलीय. आणि आईला सांगत राहिले, हात पदराखाली ठेवत जा.

गोळ्यांचा काळ पार पडला. आईनं एक दिवस चुकवला नाही. डॉक्टर म्हणाले, रोग गेला. मग त्यांनी शस्त्रक्रियेचं काढलं. दुसऱ्या बाजूचा चांगला स्नायुबंध वळवून या बोटांना जोडतात, बोटं सरळ होतात. अण्णा खुर्चीत पुढं सरकले. खात्यात रखडलेल्या पुरस्काराची बातमी त्याच आठवड्यात आली होती. "समारंभाच्या आधी होईल का?"

आईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांना विचारलं, "मंग कळायला लागंल का? ऊन, गार?"

"नाही. ते नाही. पण घास नीट घेता येईल, लुगड्याची गाठ मारता येईल."

"मंग ऱ्हाऊ द्या."

"अगं, असं काय करतेस," अण्णा म्हणाले. "लोकांत बरं दिसेल."

"म्हणूनच ऱ्हाऊ द्या म्हणलं."

तिनं ती करून घ्यायला हवी होती, असं मला आजही वाटतं. पुढं सगळा जन्म तिनं गाठी दातानं मारल्या आणि वरण-भात चमच्यानं खाल्ला. पण तिची बाजू सांगणारं तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं, होता तो एक वाकडा हात.

समारंभ झाला. शाल, नारळ, आणि माणसाच्या शरीराचं आश्चर्य या विषयावर अण्णांचं भाषण. आई तिसऱ्या रांगेत बसली होती, हात पदराखाली. त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी अण्णांनी साहेबांना आणि शाळेतल्या चार-पाच शिक्षकांना जेवायला बोलावलं. वरण, भात, येसराची आमटी, वांग्याची भाजी, बुंदी बाहेरून. आईनं दुपारपासून एकटीनं केलं. मला हात लावू दिला नाही. पंगत बसली, अण्णा मध्यभागी, भिंतीवर त्यांना मिळालेलं मानपत्र. वाढायला मी उठले तर ती म्हणाली, "बस तू." तिनं पदर कमरेला खोचला आणि पातेलं डाव्या हातात धरून, उजव्या वाकड्या हातात कसाबसा डाव अडकवून, एकेकाच्या ताटात भात वाढत गेली. हात सगळ्यांच्या डोळ्यांपुढून गेला. अण्णा ताटाकडं बघत होते. साहेबांपाशी आली तेव्हा डाव निसटला, भात ताटाबाहेर सांडला.

"अरे अरे! वैनी, हाताला काय झालं?"

"नस दबलीय," अण्णा चटकन म्हणाले. "जुनं दुखणं, साहेब. तुम्ही घ्या ना, सुरुवात करा."

सगळ्यांनी पहिला घास घेतला, दुसरा कालवला. आईनं साहेबांच्या ताटाबाहेरची शितं गोळा केली, पातेलं खाली ठेवलं आणि सरळ उभी राहिली. मोठ्यानं नाही, पण हळूही नाही, असं म्हणाली:

"महारोग झाला हुता. बरा झाला. भात गरम हाय, जेवा."

कालवणारी बोटं ताटात थांबली. साहेब म्हणाले, आज संध्याकाळी खरं तर त्यांना उपासच असतो, ते विसरलेच होते. मग एकेकाला काही ना काही आठवत गेलं. हात धुवायला इतकी घाई झालेली पंगत मी दुसरी पाहिली नाही. मोरीपाशी रांग लागली आणि साबणाची वडी एका रात्रीत संपली. अण्णा ताटावरून उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत.

भात खूप उरला. सकाळी आईनं त्याला मोहरी-हळदीची फोडणी दिली, वरून शेंगदाण्याचं कूट घातलं आणि स्वयंपाकघरात एकाच ताटात आम्ही दोघींनी खाल्ला. अण्णा दारात येऊन क्षणभर उभे राहिले. आईनं विचारलं, "वाढू?" ते म्हणाले, भूक नाही, शाळेत लवकर जायचंय. चपला घातल्या आणि निघून गेले.

रविवार होता.